चांगल्या नवऱ्याचा प्रश्न

6 डिसेंबर 1894 रोजी ‘व्होग’ नियतकालिकात केट शोपाँ या अमेरिकन लेखिकेची एक छोटी कथा छापून आली. आज ती ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ या नावाने ओळखली जाते. जेमतेम हजार शब्दांची ही कथा. हृदयाचं दुखणं असलेल्या लुईस मॅलर्डला बातमी कळते, की रेल्वेच्या अपघातात तिचा नवरा ब्रेन्टली दगावला. ती बहिणीच्या मिठीत धाय मोकलून रडते, मग एकटीच वरच्या खोलीत जाऊन दार लावून घेते. समोर उघडी खिडकी असते, बाहेर वसंत ऋतू फुललेला असतो. तिथे बसल्या बसल्या, नको नको म्हणत असतानाही, तिच्या मनात एक जाणीव शिरते: आपण आता मोकळ्या झालो. तासाभरात नवरा धडधाकट घरी येतो. अपघात झाला हेही त्याच्या कानावर नसतं. त्याला पाहताच ती कोसळते आणि मरते. डॉक्टर निदान करतात, की आनंदाचा धक्का सोसला नाही.

वाचकांना बहुधा ही शेवटची कलाटणी आठवते. धाडस मात्र त्याच्या आधीच्या काही ओळींत आहे. ब्रेन्टली दुष्ट नाही. तो दारू पितो, हात उगारतो किंवा बाहेर कुणाच्या नादी लागला आहे, असं कथेत कुठेच नाही. त्याचे हात मायेचे होते आणि त्याने आपल्याकडे प्रेमाखेरीज दुसऱ्या नजरेने कधी पाहिलं नाही, हे लुईसला पक्कं ठाऊक आहे. त्याचं प्रेत पाहिल्यावर आपण पुन्हा रडू, हेही ती जाणते. तरीही तिला सुटल्यासारखं वाटतं. एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या इच्छेला आपल्या इच्छेप्रमाणे वाकवायचं, हा गुन्हाच आहे. हेतू प्रेमळ असो की क्रूर, त्याने फरक पडत नाही, अशा निष्कर्षाला ती त्या खोलीत येऊन पोचते.

हा विचार त्या काळच्या सुधारकांच्याही पुढे गेलेला होता. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांचं स्त्रियांच्या पारतंत्र्यावरचं पुस्तक 1869 साली प्रसिद्ध झालं. अनेक नवरे प्रेमळ असतात, मग कायद्याने त्यांना सत्ता दिली तर बिघडलं कुठे, या आक्षेपाला मिल यांनी उत्तर दिलं होतं. चांगल्या राजाच्या अमलाखाली प्रजा सुखी असू शकते, हे त्यांना मान्य होतं. पण कायदे करायचे ते वाईट माणसं डोळ्यांपुढे ठेवून, असं त्यांचं म्हणणं. युक्तिवाद बळकट आहे, पण त्यात एक पळवाट राहते. आपला नवरा चांगला आहे असं मानणारी बाई, आणि आपण चांगले आहोत असं मानणारा नवरा, दोघंही हे पुस्तक मिटून निर्धास्त झोपू शकतात. कथालेखिकांनी नेमकी हीच पळवाट बुजवली. त्यांनी साक्षीला चांगलाच नवरा उभा केला.

शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या ‘द यलो वॉलपेपर’ या कथेतला जॉन तर डॉक्टर आहे. कथा जानेवारी 1892 मध्ये ‘न्यू इंग्लंड मॅगझिन’मध्ये आली. बाळंतपणानंतर खचलेल्या बायकोला जॉन हवापालटासाठी उन्हाळ्यात एका मोठ्या घरात आणतो, तिला उचलून माडीवर नेतो, वाचून दाखवतो, लाडाने लहान मुलीसारखा बोलतो. लिहायला मात्र बंदी. तिची खोली म्हणजे एके काळची मुलांची खोली, खिडक्यांना गज आणि पलंग जमिनीला ठोकून घट्ट केलेला. इथे करमत नाही, घरी जाऊ या, असं ती सांगते तेव्हा तो हसून समजूत घालतो. हळूहळू तिला भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीमागे एक कोंडलेली बाई दिसू लागते. गिलमन यांनी हे दुखणं स्वतः भोगलं होतं. 1887 मध्ये डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी त्यांच्यावर सक्तीच्या विश्रांतीचा उपचार केला होता. घरसंसारात रमा, दिवसातून दोन तासांपेक्षा जास्त बौद्धिक काम करू नका, लेखणीला तर जन्मात हात लावू नका, अशी ताकीद देऊन त्यांना घरी धाडलं होतं. पुरुषाने बायकोच्या भल्याचं काय ते तिच्याहून अधिक जाणावं आणि तिने त्याचे आभार मानावेत, या व्यवस्थेत क्रौर्याची गरजच पडत नाही. कथा वाचताना थरकाप उडतो तो याच कारणाने.

प्रश्न इथे धर्माच्या दाराशी जातो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल पत्नीला पतीच्या अधीन राहायला सांगतो आणि लगेच पतीलाही बजावतो, की ख्रिस्ताने मंडळीवर केलं तसं प्रेम तू बायकोवर कर. म्हणजे धर्माने सांगितलेली पतीची सत्ता ही जुलमाची नव्हेच, प्रेमाची आहे. या आदर्शाची खरी परीक्षा दुष्ट नवऱ्याच्या गोष्टीत होऊच शकत नाही, कारण दुष्ट नवरा धर्माचीच आज्ञा मोडत असतो. आज्ञा पाळणारा नवरा घ्यावा आणि मग पाहावं, हा मार्ग शोपाँ आणि गिलमन यांनी घेतला. तो न्याय्य होता, असंच म्हणावं लागेल. अमेरिकेतल्या स्त्री-मताधिकार चळवळीच्या नेत्या एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी 1895 साली ‘द वुमन्स बायबल’चा पहिला भाग काढून धर्मग्रंथातल्या अशा वचनांना थेट हात घातला, तेव्हा स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेनेच पुढच्या वर्षी ठराव करून त्या पुस्तकाशी संबंध झटकले. व्यासपीठावर जे पेललं नाही, ते कथेत आधीच येऊन गेलं होतं.

शोपाँ कॅथलिक घरात वाढल्या. कॅथलिक विवाह हा संस्कार आहे आणि तो फक्त मृत्यूनेच सुटतो. लुईसच्या मोकळेपणाची वाट नवऱ्याच्या मरणातूनच जाते, यामागे ही पक्की चौकट आहे. शोपाँच्या वडिलांचा मृत्यूही 1855 मध्ये रेल्वेच्या अपघातातच झाला होता. त्यानंतर त्या लहानाच्या मोठ्या झाल्या त्या विधवांच्या घरात, आई, आजी आणि पणजीच्या सहवासात. 1882 मध्ये पती ऑस्कर वारले. सहा मुलांना सांभाळत शोपाँनी काही काळ त्यांचा व्यवसाय चालवला आणि लेखनाकडे वळल्या त्या त्यानंतर. विधवा बाई आपल्या पैशांची आणि वेळेची मालकीण होऊ शकते, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं.

मराठी वाचकाला इथे ठेच लागते, आणि लागायलाच हवी. शोपाँ लिहीत होत्या त्याच काळात पुण्यात उच्चवर्णीय घरातल्या स्त्रीला नवऱ्याचं मरण म्हणजे केशवपन, लाल आलवण आणि माजघराचा कोपरा. पंडिता रमाबाईंनी 1887 साली अमेरिकेतूनच ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ प्रसिद्ध करून हे जगापुढे मांडलं आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. एकाच घटनेने एकीकडे दार उघडावं आणि दुसरीकडे बंद व्हावं, हा फरक मोठा आहे. पण दोन्हीकडे बाईचं पुढचं आयुष्य नवरा आहे की नाही, यावरच ठरत होतं.

मेरी विल्किन्स फ्रीमन यांनी मात्र कुणालाही न मारता वाट काढली. 1890 च्या ‘द रिव्होल्ट ऑफ मदर’ या कथेत सारा पेन चाळीस वर्षं खुराड्यासारख्या घरात राहते आहे. लग्नाच्या वेळी नवऱ्याने, ॲडोनिरमने, नव्या घराचं वचन दिलं होतं. बांधतो मात्र गुरांसाठी नवा गोठा. तो घोडा बघायला परगावी जातो आणि सारा सगळा संसार त्या गोठ्यात हलवते. पाद्री समजावायला येतो. आपण विचार केला आहे, प्रार्थना केली आहे, आता हे आपण, देव आणि ॲडोनिरम यांच्यातलं आहे, अशा अर्थाचं उत्तर देऊन ती त्याला परत पाठवते. तीच श्रद्धा, पण पाद्र्याला मध्यस्थ न ठेवता. परत आलेला ॲडोनिरम आधी चक्रावतो, मग रडतो. तिला हे इतकं हवं होतं याची त्याला कल्पनाच नव्हती. या तिन्ही नवऱ्यांत बदलण्याची संधी मिळते ती एकट्या त्याला, कारण बायकोचा ‘नाही’ त्याला प्रत्यक्ष दिसतो. पुढे 1917 मध्ये फ्रीमन यांनीच लिहिलं, की ही कथा खोटी आहे, न्यू इंग्लंडमधल्या कुठल्याच बाईने असं केलं नसतं. त्यांच्या या बोलण्याने कथेचं मोल घटत नाही. जे घडत नव्हतं, ते घडलं तर कसं दिसेल, हे तिने दाखवलं.

मग चांगल्या नवऱ्याने करावं तरी काय? मिल यांनी याचं उत्तर स्वतःपुरतं शोधलं होतं. 1851 मध्ये हॅरिएट टेलर यांच्याशी लग्न करताना त्यांनी एक निवेदन लिहून ठेवलं: कायदा पतीला बायकोच्या देहावर, संपत्तीवर आणि वागण्यावर जे अधिकार देतो, ते आपल्याला अमान्य आहेत आणि ते आपण कधीही वापरणार नाही. ते अधिकार कायद्याने सोडून देण्याची सोयच तेव्हा नव्हती, म्हणून शब्द देऊन ठेवण्यापलीकडे त्यांच्या हाती काही उरलं नाही. तो शब्द त्यांनी मोडला असता, तर हॅरिएटना त्याबद्दल कुठल्याही न्यायालयात दाद मागता आली नसती.