चित्रावरील बुरशी

कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान यांच्याविषयी एक हकिकत सांगितली जाते. १९२२ साली राजर्षी शाहू महाराज निवर्तले, तेव्हा शोकाकुल आबालालांनी आपली कित्येक चित्रे कोटितीर्थ तलावात बुडविली. निर्मात्याला तो अधिकार होता काय? बहुधा असावा. परंतु जी चित्रे वाचली, ती ओल्या भिंतीवर कुजू देण्याचा अधिकार आपणास आहे काय, हा प्रश्न मला अधिक बोचतो.

पंचगंगेकाठच्या या नगरीत आषाढ-श्रावणात हवा ओलीचिंब असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागदातील खळ, कॅनव्हासवरील सरस, जलरंगातील डिंक यांवर बुरशी पोसते. उपाय फार अवघड नाहीत. पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नये. मागे बोटभर पोकळी राखावी. काच चित्राला चिकटू देऊ नये. खोलीत वारा खेळता असावा. बुरशी दिसताच ओले फडके फिरविणे म्हणजे ती रंगात चोळणेच. (आमच्याकडील स्वच्छतेचा उत्साह असा घातक!) कडक उन्हात ठेवावे, तर जलरंग विटतात.

‘चित्र माझे, मी काहीही करीन’ असे मालक म्हणतो. पण त्याने विकत घेतली ती वस्तू. पुढील पिढीची दृष्टी त्याने विकत घेतलेली नाही. आबालालांनी निदान ठरवून चित्रे सोडली. आपण काहीच ठरवीत नाही. प्रत्येक पावसाळ्यात चित्र थोडे थोडे जाते, आणि उन्हाळ्यात भिंत वाळली की आपल्याला त्याचा विसर पडतो.