बनी इस्राईलचा विध्वंस आणि आपण



प्रेषित दाऊद (अ.) व प्रेषित सुलैमान (अ.) यांना अल्लाहने प्रेषितत्वासोबत राज्यही बहाल केले होते. सुलैमान (अ.) यांच्यानंतर मात्र बनी इस्राईलची दोन राज्ये झाली आणि ती आपसात झगडू लागली. इ. स. पूर्व 722 च्या सुमारास अश्शूरी सैन्याने उत्तरेकडील राज्य संपवले. इ. स. पूर्व 586 च्या सुमारास बुख्तनस्सरने जेरुसलेम उद्ध्वस्त केले, तेथील उपासनागृह जाळले आणि लोकांना बंदी करून बाबिलला नेले.

पवित्र कुरआन या अधोगतीचे मूळ शत्रूच्या बळात शोधत नाही. धरतीवर माजवलेला उपद्रव आणि घमेंड ही कारणे सूरह बनी इस्राईल (17 : 4-8) दाखवते. आपसात रक्त सांडणार नाही, स्वकीयांना घराबाहेर काढणार नाही, असा करार करून त्यांनी तो मोडला. ग्रंथाचा काही भाग मानला, काही नाकारला, असे सूरह अल-बकरा (2 : 84-85) सांगते.

हा वृत्तान्त इतरांना दोष देण्यासाठी नाही. तो आपल्यासाठी आरसा आहे. आपल्या रोहिणखेडचेच पाहा. खुदावंद खानाने येथे 1582 मध्ये मशीद बांधली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत याच गावाजवळ निजामशाहीच्या तख्तासाठी मुसलमान मुसलमानाशी लढला. तख्तावर इस्माईल होता, त्याचा पाठीराखा जमालखान. आणि चाल करून आलेला बुऱ्हाण निजामशाह त्या इस्माईलचाच पिता! पिता जिंकला, पण 1596 मध्ये वऱ्हाड मुघलांकडे गेले, 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला आणि 1636 मध्ये निजामशाहीच संपली.

आज आपल्याजवळ तख्त नाही, परंतु बांधावरचा वाद आहे. एकाच सफमध्ये उभे राहणारे दोन भाऊ सलाम फेरल्यावर एकमेकांना सलाम करत नाहीत. नमाज मानायची आणि बहिणीचा वारसाहक्क नाकारायचा, हे ग्रंथाचा अर्धा भाग मानणे नव्हे काय?

तरीही निराश होऊ नये. बाबिलच्या बंदिवासानंतर त्यांना परतण्याची संधी मिळाली. त्याच सूरहमध्ये आशा आहे आणि इशाराही : तुमचा पालनकर्ता दया करील, पण तुम्ही पुन्हा तेच केले, तर शिक्षाही पुन्हा येईल. म्हणून येत्या जुम्याच्या आत ज्याचा हक्क आपल्याकडे आहे, त्याचे दार ठोठावावे. तौबेची सुरुवात तिथूनच होते.

अल्लाह आम्हा सर्वांना सद्बुद्धी देवो. आमीन.