पाप करणे अशक्य, की पाप लपविणे अशक्य?

आमच्या वस्तीतले एक वयस्क गृहस्थ वर्षावासाच्या आरंभापासून विहारात येईनासे झाले. धान्याच्या बाजारात हमाली करणारा हा माणूस. दीड वर्षापूर्वी घरादारासह धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा खड्या आवाजात म्हटल्या, दारू सोडली. रविवारच्या वंदनेला सर्वांच्या आधी येऊन सतरंजी अंथरणारे तेच. त्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो. चार रविवार आप्पा दिसले नाहीत म्हणून मी घरी गेलो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग मान खाली घालून म्हणाले, “मास्तर, मी शपथ मोडी टाकी. आते कोनता तोंडे विहारमा येऊ?”

एका लग्नात जुन्या सोबत्यांनी आग्रह केला आणि आप्पा प्यायले. एकदा नव्हे, त्यानंतरही दोन वेळा. पिण्यापेक्षा मला त्यांच्या दुसऱ्या वाक्याची अधिक चिंता वाटली. ते म्हणाले, “दीक्षा खरी लागली असती तर मी प्यालोच नसतो. म्हणजे माझी दीक्षाच खोटी.”

हा प्रश्न एकट्या आप्पांचा नाही. ज्याने धर्म बदलला, जुने टाकून नवे धरले, त्या प्रत्येकासमोर तो कधी ना कधी उभा राहतो. धर्मांतर झाले म्हणजे माणूस निर्दोष झाला पाहिजे काय? आणि तो चुकला तर त्याचे धर्मांतर झालेच नव्हते असे समजावे काय? आपल्याकडे याची मोकळी चर्चा होत नाही. ख्रिस्ती लोकांत मात्र गेली जवळजवळ दोन हजार वर्षे यावर वाद चालू आहे. तो वाद समजून घेतला तर आपलाही प्रश्न उलगडायला मदत होईल, म्हणून आज थोडे शेजारच्या घरात डोकावतो.

माझ्या शाळेत एक ख्रिस्ती सहकारी आहेत, नवापूर तालुक्यातले. तो तालुका 1998 पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मी त्यांना सरळ विचारले, “सर, तुमच्या शास्त्राप्रमाणे विश्वास ठेवणारा माणूस पापावाचून जगू शकतो का?” ते हसले आणि म्हणाले, “आमच्या शास्त्रात दोन्ही उत्तरे आहेत, आणि ती एकाच पत्रात आहेत.”

त्यांनी दाखविलेले पत्र म्हणजे योहानाचे पहिले पत्र. त्याच्या पहिल्या अध्यायातील आठव्या वचनाचा आशय असा की, आपल्यात पाप नाही असे जो म्हणतो तो स्वतःलाच फसवतो. पुढे तिसऱ्या अध्यायातील नवव्या वचनात मात्र म्हटले आहे की, जो देवापासून जन्मला तो पाप करीत नाही, त्याला पाप करणे शक्यच नाही. पत्र लिहिणाऱ्याला ही विसंगती दिसली नसेल असे नाही. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो म्हणतो की तुम्ही पाप करू नये म्हणून मी लिहितो आहे, आणि कोणी केलेच तर त्याची बाजू मांडायला येशू ख्रिस्त पित्याजवळ आहे. कित्येक भाष्यकार सांगतात की मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘पाप करीत राहत नाही’ असा घ्यावा. म्हणजे पाय घसरेल, पण माणूस चिखलात घर बांधणार नाही. हा अर्थ मला पटण्यासारखा वाटतो. पण सर्व ख्रिस्ती लोकांना तो पुरेसा वाटला नाही.

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या साधूने सांगितले की देवाने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याची शक्तीही माणसात आहे. मनात आणले तर माणूस पापावाचून जगू शकतो. संत ऑगस्टीन त्याच्याविरुद्ध उभा राहिला. आदामाच्या पापाचा डाग घेऊनच प्रत्येक मूल जन्मते, देवाच्या कृपेवाचून सुटका नाही, हे त्याचे म्हणणे. इ.स. 418 मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने पेलागियसचे मत धिक्कारले. (स्वतःच्या बळावर भरवसा ठेवणारा हा मनुष्य हरला, याचे मला उगाचच वाईट वाटते.) पुढे सोळाव्या शतकात ल्यूथर म्हणाला की विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने पुन्हा उलट टोक धरले. ख्रिस्ती माणसाला याच जन्मी प्रेमाचे पूर्णत्व लाभू शकते, असे तो सांगू लागला. मात्र त्याने पापाची व्याख्या नीट आखून घेतली होती. माहीत असलेला नियम जाणूनबुजून मोडणे म्हणजे पाप. अज्ञानाने झालेली चूक त्याने त्या अर्थाने पापात धरली नाही.

येथे आपले कान टवकारले पाहिजेत. भगवान बुद्धांनी कर्म म्हणजे चेतना, म्हणजे मनातला हेतू, असे सांगितले आहे. तेव्हा निर्दोष जगता येईल की नाही हा वाद पुष्कळसा ‘दोष’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे.

हा वाद परदेशातच राहिला असेही नाही. भुसावळ-जळगावकडे ज्या अलायन्स मिशनने काम केले, त्याचा संस्थापक सिम्पसन हा येशूला तारणारा तसा पवित्र करणाराही म्हणून सांगे. आणि महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. 1883 साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे पुढे काही वर्षांनी उमगले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. केवढी विदुषी, आणि तिलाही आपल्या आप्पांसारखेच वाटले की बाप्तिस्मा झाला तरी काही राहून गेले! 1898 साली त्या इंग्लंडात केसिक येथील मेळाव्याला गेल्या. पापावर विजय मिळवून जगता येते, ही तिथली मुख्य शिकवण. आणि 1905 साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात जे जागरण झाले, त्यात मुली रात्रंदिवस रडून आपापली पापे मोठ्याने कबूल करू लागल्या.

मी या प्रसंगाशी थबकतो. कोण होत्या या मुली? पुष्कळशा 1896-97 च्या मध्य प्रांतातील आणि 1900 च्या गुजरातमधील दुष्काळांतून रमाबाईंनी वाचवून आणलेल्या. उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या, कित्येक बालविधवा. ज्यांना समाजाने सांगितले होते की तुझ्या मागच्या जन्मीच्या पापाने तुझा नवरा मेला. रमाबाईंनी त्यांना अन्न दिले, अक्षर दिले, हाताला काम दिले. या कामापुढे आपण मान झुकवलीच पाहिजे. आणि वर्षानुवर्षे मनात कोंडलेले मोठ्याने बोलून टाकल्यावर त्या मुलींना हलके वाटले असेल, हेही मी नाकारीत नाही. तरीपण विचारावेसे वाटते की त्या लेकरांनी असे कोणते पाप केले होते? त्यांना उपाशी ठेवणाऱ्यांनी, बोहल्यावर चढविणाऱ्यांनी, केस कापून कोपऱ्यात बसविणाऱ्यांनी रडायला हवे होते. रडल्या त्या मुली.

प. पू. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर एक प्रदीर्घ निबंध लिहून ठेवला होता. महाराष्ट्र शासनाने तो 1989 साली त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केला. त्यातील एक मुद्दा नेमका हाच आहे. चुकीच्या समाजरचनेने ज्याला खाली दडपले, त्याला धर्मांतरानंतर सांगण्यात येते की तुझ्या पतनाचे कारण तुझे पाप. मग तो ती समाजरचना बदलायला उठेल कशाला? तो गुडघे टेकून क्षमा मागत बसेल.

आपल्याला ‘पाप’ या शब्दाची आधीच ओळख आहे, आणि ती कडू आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात ‘पापयोनी’ हा शब्द आला आहे आणि त्याच श्लोकात स्त्रिया, वैश्य व शूद्र यांचा उल्लेख आहे. आपल्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवताना मागील जन्मीच्या पापाचाच दाखला दिला गेला. ख्रिस्ती धर्म निदान राजाला आणि भंग्याला सारखेच पापी मानतो, एवढा न्याय त्याला दिला पाहिजे. पण जन्मतः पापी हे विशेषण आपण एकदा फेकून दिले आहे, ते पुन्हा उचलायचे कारण नाही. आपल्या धम्मात मूल डाग घेऊन जन्मत नाही.

मग आपल्या धम्मात चुकीला काय स्थान आहे? परित्राण पाठात आपण रतनसुत्त म्हणतो. कित्येकांना ते तोंडपाठ आहे, अर्थ मात्र थोड्यांना माहीत असतो. त्यात स्रोतापन्नाचे, म्हणजे ज्याला धम्माचे दर्शन झाले आहे अशा माणसाचे वर्णन आहे. तो काया, वाचा, मनाने काही पापकर्म करीलही, असे सुत्त स्पष्टच म्हणते. पण ते लपविणे त्याला अशक्य असते! योहानाच्या पत्रातही ‘अशक्य’ आहे, रतनसुत्तातही ‘अशक्य’ आहे. तिथे पाप करणे अशक्य म्हटले आहे, इथे पाप झाकणे अशक्य म्हटले आहे. सर्व आस्रव संपलेला अर्हत निराळा. पण तिथवरच्या वाटेवर चालणाऱ्याची खूण निष्कलंकपणा ही नाही. उघडेपणा ही आहे.

राहुलाला केलेल्या उपदेशात तथागतांनी हीच गोष्ट शिकविली. आरशात तोंड पाहावे तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तपासून पाहा. केलेले कर्म अहिताचे दिसले तर ते शास्त्यापाशी किंवा जाणत्या सोबत्यापाशी उघड कर आणि पुढे जप. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जे उपदेश भिक्षूंनी व उपासकांनी वारंवार ऐकावेत म्हणून नाव घेऊन सांगितले, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला उपदेश आहे. आपण पंचशील म्हणतो तेव्हा ‘सिक्खापद’ हा शब्द पाच वेळा उच्चारतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा पाठ. मी मास्तर आहे. मुलाचे गणित चुकले म्हणून त्याचे नाव हजेरीपटावरून खोडत नाही. मात्र चुकलेले गणित वहीखाली लपवणाऱ्या मुलाला मला शिकवता येत नाही.

यावर माझ्या सहकाऱ्यांनी एक आक्षेप घेतला, तो वजनदार आहे. ते म्हणाले, “सर, तुमचा मार्ग फार कडक. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल म्हणतो की जे करावेसे वाटते ते माझ्या हातून होत नाही, नको असते तेच होते, मला कोण सोडवील? हा अनुभव खरा आहे. स्वतःच्या बळावर सुटता येत नाही म्हणून तर आम्ही ख्रिस्ताकडे जातो.”

पौलाचा हा अनुभव खरा आहे, हे कोणत्याही दारुड्याच्या बायकोला विचारावे. आपल्याकडे क्षमा करणारा कोणी नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दाखविलेच आहे की तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत. अंगुलिमाल अर्हत झाला तरी भिक्षेला गेल्यावर लोकांचे दगड त्याचे त्यालाच सोसावे लागले. पण म्हणून आपला माणूस एकटा आहे असे नाही. आनंदाने एकदा म्हटले की कल्याणमित्र म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवन. तथागतांनी त्याला थांबविले आणि सांगितले की अर्धे नव्हे, सगळे. आणखी एका ठिकाणी त्यांनी मिठाचा दृष्टांत दिला आहे. वाटीभर पाण्यात मिठाचा खडा टाकला तर पाणी पिववत नाही, गंगेत टाकला तर कळतही नाही. (आमची गिरणा उन्हाळ्यात नुसती वाळू असते, तेव्हा खानदेशकरांनी श्रावणातली तापी डोळ्यांसमोर आणावी.) तोच दोष कोत्या मनाला बुडवतो, वाढलेल्या मनात विरतो. मीठ कोणी काढून घेत नाही. पाणी वाढवावे लागते.

आता आपल्या विहाराविषयी बोलतो, राग मानू नका. आप्पा गैरहजर राहिले ते चार रविवार त्यांच्याविषयी बोलणारे पुष्कळ होते, त्यांच्या घरी जाणारा एकही नव्हता. मीही चौथ्या रविवारनंतर गेलो. एकजण तर म्हणाले की अशांची नावे फळ्यावर लिहावीत. उघड करायला सांगायचे आणि उघड करणाऱ्याला फळ्यावर चढवायचे, मग कोण उघड करील? ज्या वस्तीत चुकलेल्याला बोलायला जागा नाही, तिथे सगळे शीलवान दिसतील आणि गुत्त्याच्या मागच्या दाराने जातील. पिणाऱ्याच्या घरातल्या बाईने काय सोसले, तेही तिला कोणी विचारणार नाही. आप्पांनी दारू प्याली त्या रात्री घरात ताटे फेकली गेली होती. ते त्यांनी मला सांगितले नाही, त्यांच्या सुनेने सांगितले. तिच्यापाशी ते अजून काही बोललेले नाहीत.

मी आप्पांना रतनसुत्ताचा अर्थ सांगितला. त्यांनी तो दोन वेळा विचारून घेतला. मग म्हणाले, “म्हणजे सुनबाईला आधी सांगावे लागेल.” मी म्हटले, “हो आप्पा, आधी घरात.” ते बराच वेळ उंबऱ्याकडे पाहत राहिले. गेल्या रविवारी ते विहारात आले, मागे भिंतीशी बसले, सतरंजी दुसऱ्याच कोणी अंथरली होती. पाचवे शील म्हणताना त्यांचा आवाज मला ऐकू आला नाही. सुनेशी बोलणे झाले की नाही, ते मी अजून विचारलेले नाही.