खंडनाविना त्याग

एखादी विचारसरणी खोटी ठरणे आणि ती नुसती जुनी होणे, ह्यांतील भेद आपल्या ज्ञानसंस्था करतात काय? प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नाही. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी पीएच.डी.च्या विषयाचा आराखडा घेऊन माझ्याकडे आली. मराठी ग्रामीण कथेतील निवेदनाचा संरचनावादी पद्धतीने अभ्यास करावा, असे तिच्या मनात होते. आराखडा नेटका होता, वाचनही पुरेसे होते. मी तिला विषय बदलावयास सांगितले. तिने कारण विचारले तेव्हा मी म्हणालो, "आता ते कोणी करीत नाही." "बरं, सर," एवढे म्हणून ती गेली आणि पुढे तिने दुसऱ्याच विषयावर प्रबंध पूर्ण केला. त्या दिवशी संरचनावादाविरुद्ध माझ्याजवळ एकही युक्तिवाद नव्हता, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

व्यावसायिक विद्वान भोळा असतो, म्हणून लाटेबरोबर वाहत जातो, हे नेहमीचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. तो बहुधा आपल्या स्थितीचा अचूक हिशेब करीत असतो. केन्सने १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात गुंतवणूकदारांविषयी असे निरीक्षण नोंदवले आहे की, प्रतिष्ठेच्या दृष्टीने रूढ वाटेवरचे अपयश हे आडवाटेवरच्या यशापेक्षा अधिक सोयीचे असते. अध्यापकाची गोष्ट निराळी नाही. प्रचलित सिद्धान्ताच्या आधारे लिहिलेला सुमार निबंध सर्वांच्या खात्यावर पडतो. अप्रचलित पद्धतीने लिहिलेला सुमार निबंध मात्र एकट्याच्या. संस्थेची अडचण आणखी वेगळी. निवड समितीतील बहुतेकांना उमेदवाराच्या विशिष्ट क्षेत्राची जाण नसते. गुणवत्ता पारखता येत नाही तेथे खुणा पारखल्या जातात, आणि परिभाषा ही सर्वांत स्वस्तात मिळणारी खूण होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या संशोधनाला गुण लावले; पुढे नियम बदलले, मोजण्याची सवय राहिली.

ह्यात अनैतिक असे काय आहे? नव्याचा स्वीकार हा दोष म्हणता येणार नाही. कोणताही सिद्धान्त प्रथम उसन्या विश्वासावरच हाती घ्यावा लागतो. वापरून पाहिल्यावाचून त्याचे मोल कळत नाही. माझ्या मते नैतिक प्रश्न स्वीकाराच्या क्षणी उभा राहत नाही, तो त्यागाच्या क्षणी उभा राहतो.

ह्या दृष्टीने रोलाँ बार्तचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १९६६ मध्ये त्याने कथनाच्या संरचनात्मक विश्लेषणाची प्रस्तावना करणारा निबंध प्रसिद्ध केला. जगातील असंख्य कथनांच्या मुळाशी एक समान प्रतिमान शोधता येईल, ही त्यामागील आकांक्षा होती. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, 'एस/झेड' हा ग्रंथ आला. बाल्झाकची एकच कथा घेऊन बार्तने तिचे ५६१ तुकडे केले व पाच संकेतव्यूहांच्या आधारे त्यांचे वाचन केले. परंतु त्याआधी, ग्रंथाच्या आरंभीच, त्याने आपल्या जुन्या आकांक्षेचा समाचार घेतला आहे. सर्व कथा एकाच साच्यात पाहू गेल्यास प्रत्येक संहितेचे वेगळेपण हरवते, हा त्याचा आक्षेप होता. तो मान्य करावा अथवा न करावा. पण आपण काय सोडले आणि का सोडले, हे त्याने लिहून ठेवले आहे. देरिदाचेही तसेच. ऑक्टोबर १९६६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात भरलेल्या ज्या परिसंवादाने संरचनावादाची अमेरिकेला ओळख करून द्यावयाची होती, तेथेच त्याने लेव्ही-स्ट्रॉसचे बारकाईने वाचन करून त्या विचाराच्या पायावर बोट ठेवले.

मूळ विचारवंतांनी असा हिशेब दिला. तो विचार उचलणाऱ्या विभागांनी बहुधा दिला नाही. झिमेलने १९०५ च्या आपल्या निबंधात फॅशनचे जे विश्लेषण केले आहे, ते येथे लागू पडते. फॅशन अनुकरणाची आणि वेगळेपणाची भूक एकदमच भागवते. म्हणूनच ती सर्वांपर्यंत पोहोचली की संपते. तिला कोणी हरवावे लागत नाही. अभ्यासक्रमातून एक 'वाद' जातो, दुसरा येतो. मधल्या काळात लिहिल्या गेलेल्या प्रबंधांतील कोणते निष्कर्ष टिकले, हे कोणी विचारीत नाही. पूर्वपक्ष शक्य तितक्या समर्थपणे मांडून मगच त्याचे खंडन करावयाचे, ही रीत ज्या शास्त्रपरंपरेत रुजली तिच्या गौरवाची व्याख्याने आपण देतो, ही त्यातल्या त्यात गमतीची गोष्ट.

मराठीत ह्याउलट घडलेच नाही असे नाही. मर्ढेकरांचा लयविचार 'सौंदर्य आणि साहित्य' ह्या १९५५ च्या ग्रंथात आला. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये त्याची सविस्तर चिकित्सा केली. मर्ढेकर आज कितपत ग्राह्य आहेत ह्याविषयी दुमत असेल. ते फॅशनप्रमाणे विरून गेले, असे मात्र म्हणता येत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. 'लाट' हा शब्द प्रस्थापितांच्या हातातील शस्त्रही आहे. दलित साहित्याला आणि स्त्रीवादी समीक्षेला आरंभी ह्याच शब्दाने बाजूला सारण्याचा प्रयत्न झाला. परंतु त्यागाची कसोटी लावली तर चित्र पालटते. शरणकुमार लिंबाळे ह्यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) पाहावे: सत्य-शिव-सुंदराची कल्पना का नाकारावयाची, ह्याची कारणे तेथे दिली आहेत. वाद घालावयास जागा ठेवली आहे. 'आता ते कोणी करीत नाही' ह्या माझ्या वाक्यात ती जागा नव्हती.

त्या विद्यार्थिनीच्या आराखड्याची प्रत माझ्याकडे राहून गेली होती. मागच्या महिन्यात जुने कागद आवरताना ती सापडली व प्रथमच सबंध वाचली. संरचनेच्या शोधात एकेका कथेचे वेगळेपण हरवते की काय, हा आक्षेप तिने चौथ्या पानावरील तळटीपेत स्वतःच घेतला होता, आणि त्याचे उत्तर तिसऱ्या प्रकरणात देण्याचे योजले होते.