कानांचा संयम

यंत्र विकत घेण्यापेक्षा ते स्वतः घडवून पाहण्यात निराळा आनंद आहे. वडोदऱ्यास या वृत्तीची जुनी परंपरा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापिले. दादासाहेब फाळके यांचे काही शिक्षण तेथेच झाले. अशा हौशी कारागिरांस आज सॉफ्टवेअर रेडिओचे नवे क्षेत्र खुले झाले आहे; आणि त्याबरोबर एक जुना नीतिप्रश्न नव्या रूपात उभा राहिला आहे.

जुन्या रेडिओत कॉइल आणि कंडेन्सर मिळून एक केंद्र निवडीत. बाकीची दाराशीच अडत. सॉफ्टवेअर रेडिओत एरियलवरील लहरींचे सेकंदाला वीस लाखांहून अधिक वेळा मोजमाप होऊ शकते, आणि एका रुंद पट्ट्यातील सारी केंद्रे आकड्यांच्या रूपाने एकदमच संगणकात शिरतात. त्यांतून कोणता आवाज वेगळा काढावयाचा, हे आज्ञावली लिहिणारा ठरवितो. टेलिव्हिजनसाठी बनविलेल्या स्वस्त डोंगलकडून हे काम करून घेता येते, हे २०१२ साली हौशी मंडळींस माहीत झाले. तेव्हापासून निवडीचा भार कॉइलवरून सामान्य माणसावर आला.

या लहरींत आकाशवाणी असते, अंतराळस्थानकावरील हौशी संदेश असतात. तसेच परक्यांचे खाजगी बोलणेही असते. "लहर माझ्याच घरातून जाते, मग ऐकण्यात दोष कोणता?" असे कोणी विचारील. शेजाऱ्यांचे बोलणेही भिंतीपलीकडून येते. म्हणून सज्जन भिंतीस कान लावीत नाही. सर्वांसाठी नसलेले संदेश टिपण्यास व प्रकट करण्यास राष्ट्रांनी मनाई करावी, असे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीही सांगते. परंतु नुसते ऐकणारा सहसा कोणास सापडत नाही. तेथे ज्याचा पहारा त्यालाच ठेवावा लागतो.

यास्तव ऐकणेच सोडावे काय? मुळीच नव्हे. २००१ च्या कच्छ भूकंपात दळणवळण तुटले असता हौशी रेडिओचालकांनीही निरोप पोहोचविले. त्यांचे कान सरावलेले होते म्हणूनच ते साधले. भेद करावयाचा तो कुतूहलाच्या दोन जातींत. लहर कशी घडली हे जाणण्याचे कुतूहल ज्ञानाकडे नेते. बोलणाऱ्याच्या घरात काय चालले आहे हे जाणण्याचे कुतूहल चोरीकडे.

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. कानावर पडते ते सारे श्रवण नव्हे. चित्त कोठे द्यावयाचे हे ठरविल्यावर श्रवण सुरू होते. रेडिओ घडविणाऱ्याने आज्ञावलीची पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच हे ठरविलेले बरे.