शेजार कोणाच्या मालकीचा?

घराला मालक असतो, खोलीला भाडेकरू असतो, रस्त्याला महापालिका असते. परंतु शेजाराचा धनी कोण? प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. शेजार ही कांहीं मोजून देतां येईल अशी वस्तु नव्हे, तेव्हां तिच्या मालकीची चर्चा हवी कशाला, असें कोणी म्हणेल. पण शहराच्या मध्यभागालगतच्या जुन्या वस्त्या पाडून त्यांच्या जागीं उंच मनोरे उभारण्याचें काम ज्या काळांत रोज चाललें आहे, त्या काळांत हा प्रश्न टाळतां येत नाहीं. घर सोडणारा आपल्या हक्कानें घर सोडतो. पण त्याबरोबर जें दुसरें कांहीं नाहींसें होतें, त्याचा सौदा करण्याचा हक्क त्याला होता काय? आणि नसेल, तर त्यानें जन्मभर गळक्या छपराखालीं बसून राहावें काय? या दोन प्रश्नांचीं उत्तरें एकाच वेळीं देतां आलीं पाहिजेत.

विचाराला कांहीं ठिकाण असावें म्हणून मुंबईचें गिरगांव घेऊं. कोटाची तटबंदी १८६० नंतरच्या दशकांत पाडली गेली आणि शहर बाहेर पसरलें. परंतु कोटाबाहेरच्या वाड्यांतून ही वस्ती त्याच्याही आधींपासून नांदत होती. खोताच्या वाडीचा आरंभ अठराव्या शतकाच्या अखेरीचा. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थानें आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले, आणि लांकडी सज्जांचीं, बाहेरून जिना असलेलीं तीं छोटीं घरें उभीं राहिलीं. पुढें शहरांत कचेऱ्या वाढल्या, कोंकणांतून आणि देशावरून माणसें आलीं, आणि चाळी बांधल्या गेल्या. केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणपति बसतो. १४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मॅजेस्टिक चित्रगृहांत लागला, तोही गिरगांवांतच. तें चित्रगृह आज उरलेलें नाहीं. कोटांतल्या कचेरीपर्यंत पायीं अर्ध्यापाऊण तासाची वाट, आणि दुसऱ्या बाजूला समुद्र हाकेवर. अशी ही जागा आहे.

या वस्तीची सारी मातबरी ‘जवळ’ या एका शब्दांत आहे. परंतु हें जवळपण दोन प्रकारचें आहे, आणि दोहोंची गल्लत केल्यामुळेंच आपला विचार वारंवार चुकतो. एक जवळपण कचेरीचें, बाजाराचें, स्टेशनाचें. तें मोजतां येतें. चौरस फुटाला त्याचा भाव निघतो. दुसरें जवळपण माणसांचें. किल्ली शेजारीं ठेवून बाहेर जातां येणें, अवेळीं आलेल्या पाहुण्याला समोरच्या बिऱ्हाडीं चहापाणी मिळणें, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचें दार सकाळीं नेहमींच्या वेळीं उघडलें नाहीं तर कोणीतरी तें ठोठावणें, याला भाव नाहीं. तें वापरल्यानें झिजत नाहीं. न वापरल्यानें मात्र नाहींसें होतें.

पहिल्या जवळपणाचें मूल्य कोणी निर्माण केलें? घरमालकाच्या आजोबा-पणजोबांनीं इमारत बांधली हें खरें. पण तिच्या सभोंवतीं शहर त्यांनीं वाढविलें नाहीं. भाडेकरूनेंही तें वाढविलें नाहीं. ज्यांनीं रेल्वे घातली, बंदरांत ओझीं वाहिलीं, कचेऱ्या चालविल्या, त्यांच्या आणि दूरच्या उपनगरांतून उभ्यानें प्रवास करून रोज येथें येणाऱ्यांच्या श्रमानें त्या जमिनीचा भाव चढला. जमिनीच्या मूल्याची अशी वाढ समाजानें केलेली असते, म्हणून तिच्यावर हक्कही समाजाचाच, असें हेन्री जॉर्ज या अमेरिकन अर्थचिंतकानें १८७९ सालीं ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथांत प्रतिपादन केलें. त्याचा करविषयक उपाय कोणाला पटो वा न पटो, त्याचें निरीक्षण खोडून काढणें कठीण आहे. ज्या संपत्तीसाठीं मालक, भाडेकरू आणि विकासक आज एकमेकांशीं घासाघीस करतात, ती तिघांपैकीं कोणाचीही कमाई नव्हे.

कायद्यानें हा गुंता आपल्या परीनें सोडविण्याचा यत्न केला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें मुंबईंतल्या जुन्या जागांचीं भाडीं सामान्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेविलीं. त्यामुळें कारकून, शिक्षक, छापखान्यांत खिळे जुळविणारा कामगार अशीं बेताच्या प्राप्तीचीं माणसें शहराच्या ऐन गाभ्याशीं टिकून राहिलीं. दुसरें जवळपण पिढ्यान् पिढ्या मुरलें तें या स्वस्ताईच्या आधारावर, हें विसरून चालणार नाहीं. परंतु त्याच भाड्यांतून डागडुजीचा खर्चही निघेना. मालक इमारतीकडे पाठ फिरवून बसला. भाडेकरू ‘इमारत माझी नव्हे’ म्हणून स्वस्थ राहिला. पागडीचा व्यवहार मात्र दोघांमध्यें चालू राहिला. १९६९ सालीं दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. अशा इमारती त्या वेळीं १९,६४२ भरल्या. नवा भाडेनियंत्रण कायदा २००० सालीं अंमलांत आला, तरी जुन्या भाडेकरूंचें संरक्षण त्यानेंही पुष्कळ अंशीं कायम ठेविलें. हक्क सर्वांचा आणि काळजी कोणाचीच नाहीं, असा प्रकार झाला; आणि इमारतींना टेकू लागले.

अशा वेळीं तिसराच एक पक्ष पुढें येतो, तो प्रेक्षकांचा. रविवारीं सकाळीं हे रसिक गृहस्थ वाडींतून फिरतात, सज्जांचीं छायाचित्रें घेतात, आणि ‘हें सारें असेंच राहिलें पाहिजे’ असें सांगून आपल्या नव्या, गळत नसलेल्या घरीं परततात. वारसा जपण्याचे नियम मुंबईंत १९९५ सालीं झाले, आणि ते झाले हें चांगलेंच झालें; त्यांच्यावांचून जें उरलें आहे तेंही उरलें नसतें. परंतु जतनाची आज्ञा एकानें द्यावी आणि भार दुसऱ्यानें सोसावा, ही न्यायाची रीत नव्हे. जुनी लांकडी तुळई सुंदर दिसते. वाळवी लागल्यावर तीच तुळई माणसें मारते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजाराच्या बाजूची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसांहून अधिक माणसें मेलीं. ज्याला त्या छपराखालीं निजावयाचें नाहीं, त्यानें त्या छपराचें गुणगान जपूनच केलें पाहिजे.

चाळीच्या आयुष्याचें कौतुकही असेंच तपासून घेण्यासारखें आहे. गॅलरींत रंगलेल्या गप्पांच्या आठवणी पुष्कळांनीं लिहिल्या. पहांटे नळावर नंबर लावून उभ्या राहणाऱ्या बायकांनीं त्या मानानें थोड्या लिहिल्या. ज्या घरांत दार लावून रडण्याइतकीही सोय नव्हती, त्या घराला केवळ प्रेमळ म्हणणें हें अर्धें सत्य आहे. शिवाय त्या शेजारालाही कुंपण होतें. कित्येक चाळींत विशिष्ट जातीवांचून बिऱ्हाड मिळत नसे. किल्ली विश्वासानें शेजारीं ठेवली जाई, कारण शेजारीं कोण यावा हें आधींच ठरलेलें असे. तेव्हां पुनर्बांधणीच्या नियमांप्रमाणें किमान ३०० चौरस फुटांचें घर, स्वतःचें न्हाणीघर आणि स्वतःचा संडास मिळावा, अशी इच्छा धरणाऱ्या कुटुंबाला कोणी लोभी म्हणूं नये. ती इच्छा लोभाची नसून प्रतिष्ठेची आहे.

तर मग प्रश्न संपला काय? संपला नाहीं, येथेंच तो खरा सुरू होतो. पुनर्बांधणीला पूर्वीं शेंकडा ७० रहिवाशांची संमति लागत असे. आतांच्या नियमांप्रमाणें शेंकडा ५१ पुरते. व्यवहाराला कोठेंतरी आंकडा ठरवावाच लागतो. परंतु बहुमतानें निर्णय होतो, ऋण फिटत नाहीं. उरलेल्या शेंकडा ४९ मध्यें एखादी विधवा म्हातारी असते. काम रेंगाळलें तर नवें घर पाहावयास आपण उरूं कीं नाहीं, हें तिला ठाऊक नसतें; आणि पाहिलें तरी नव्या इमारतीचा मासिक देखभाल-खर्च तिच्या पेन्शनीला झेपणार कसा? तिला तीन वर्षांसाठीं दूरच्या उपनगरांत नेऊन ठेवलें, तर तिला खोली मिळते, पण दार ठोठावणारें माणूस मिळत नाहीं. तिचें जें गेलें तें तिच्या एकटीच्या नांवावर नव्हतें; तें सर्वांनीं मिळून तिला दिलेलें होतें. म्हणून तें काढून घेतांना सर्वांवर कांहीं बंधन येतें.

तें बंधन मला असें दिसतें. शेजार कोणाच्याच मालकीचा नाहीं. परंतु त्याच्यापासून ज्यांना लाभ झाला त्या सर्वांवर त्याचें थोडथोडें देणें आहे. होकार देणाऱ्यानें आपल्या हिशेबांत आपल्याच नव्हे, नकार देणाऱ्याच्याही संसाराची तजवीज मोजावी. नव्या घराच्या खर्चानें कोणी बाहेर फेंकला जाणार नाहीं, याची तरतूद करार करतांना करावी, नंतर हळहळूं नये. मालकानें चढलेल्या भावाला स्वतःचा पराक्रम समजूं नये. शहरानें, ज्या मूल्याचें तें स्वतः जनक आहे, त्यांतला भाग घेऊन तो दुरुस्तीला लावावा. जीं घरें राखण्यासारखीं आहेत तीं राहणाऱ्यांच्या खर्चानें नव्हे, सर्वांच्या खर्चानें राखावीं. आणि रसिकांनीं आपल्या शब्दाला वजन यावें असें वाटत असेल, तर त्या भारांतला कांहीं वांटा उचलावा. वस्तीविषयीं बोलण्याचा अधिकार तिच्या ओझ्याच्या प्रमाणांत मिळतो. केवळ प्रेम सांगून तो मिळत नाहीं.

जुनी वस्ती टिकली कीं गेली, हें बहुधा आपण लांकूड आणि कौलें पाहून ठरवितों. दुसरी एक कसोटी अधिक कठोर आहे. इमारत जुनी असो वा नवी, तींत पूर्वीं राहूं शकणारा सर्वांत गरीब माणूस आजही राहूं शकतो काय, आणि पूर्वीं ज्याला तेथें थारा नव्हता त्याला आतां तो मिळतो काय? दोहोंचें उत्तर ‘होय’ असेल, तर सज्जे गेले तरी वस्ती राहिली असें म्हणतां येईल. ‘नाहीं’ असेल, तर एकेक सज्जा जपूनही तेथें राहिलें आहे तें केवळ शहराच्या मध्याजवळचें एक महाग ठिकाण.