दानीएलाला कोणी शिकवले?

शास्त्रपाठ : दानीएल १:१–२१ आणि ६:१–१०



दानीएलाची गोष्ट आपल्या शब्बाथशाळेतल्या लहानात लहान मुलालाही येते. सिंहांचे नाव काढले की शेवटच्या रांगेतला मुलगासुद्धा हात वर करतो. परंतु त्या गोष्टीतला एक प्रश्न आपण मुलांना सहसा विचारत नाही, आणि स्वतःलाही विचारत नाही. दानीएलाला कोणी शिकवले? बाबेलात त्याला तीन वर्षे खास्द्यांची भाषा व विद्या शिकवली गेली, हे पहिल्या अध्यायात आहे. पण राजाच्या पंक्तीचे अन्न पुढे आले तेव्हा ते न घेण्याचा निश्चय त्याने केला, तो काही त्या पाठशाळेचा धडा नव्हता. ते बळ तो घरून घेऊन आला होता. आणि त्या घरातल्या आईचे किंवा बापाचे नाव पवित्र शास्त्रात कोठेही नाही.

काळाचा हिशेब पाहिला म्हणजे थोडा उलगडा होतो. यहोयाकीम राजाच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे सुमारे इ.स.पू. ६०५ मध्ये, ही मुले बाबेलास गेली. त्याआधी साधारण सतरा वर्षांपूर्वी, यहोयाकीमाचा बाप योशीया याच्या कारकिर्दीत, मंदिराची डागडुजी चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला होता. राजाने लहानथोर सर्वांना गोळा करून तो मोठ्याने वाचून दाखवला (२ राजे २३:२). दानीएलाचे वय शास्त्रात दिलेले नाही. तो आणि त्याचे सोबती कोवळ्या वयाचे होते एवढेच कळते. तेव्हा ज्या पिढीने ते वाचन आपल्या कानांनी ऐकले, त्या पिढीच्या घरात ही मुले वाढली. त्यांची नावेच पाहा. दानीएल म्हणजे देव माझा न्यायाधीश, हनन्या म्हणजे परमेश्वर कृपाळू आहे, मीशाएल म्हणजे देवासारखा कोण, अझऱ्या म्हणजे परमेश्वर साहाय्य करतो. चारही पाळण्यांवर देवाचे नाव होते.

आता त्याच काळातले दुसरे घर पाहू. ते घर योशीयाचे. त्याने मूर्ती फोडल्या, वल्हांडण सण पूर्वी कधी पाळला गेला नव्हता असा पाळला. पण त्याचे तीन मुलगे, यहोआहाज, यहोयाकीम आणि सिद्कीया, गादीवर बसले आणि तिघांविषयीही वाईट तेच लिहिले गेले. यहोयाकीमाने तर यिर्मयाचा पट वाचून होत असताना त्याचे चाकूने तुकडे केले आणि ते शेगडीत टाकले (यिर्मया ३६:२३). मंदिराच्या शेजारी राहणारा राजपुत्र देवाचे वचन जाळतो, आणि बाबेलात धरून नेलेला मुलगा तेच वचन जपतो! योशीयाने मुलांकडे दुर्लक्ष केले असे शास्त्र म्हणत नाही, म्हणून आपणही म्हणू नये. पण एवढे खरे की मंडळीचे काम उत्तम चालले म्हणून घरचे आपोआप चालते असे नाही. पाळकांनी, वडीलमंडळातल्या सभासदांनी आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

बाबेलात गेल्यावर दानीएलाने काय घेतले आणि काय नाकारले, हे बारकाईने वाचण्यासारखे आहे. भाषा घेतली. विद्या घेतली. आईबापांनी ठेवलेले नाव बदलून बेलटशस्सर हे नाव दिले, आणि त्यात त्या राजाच्या देवाचे नाव होते. तेही त्याने सोसले. अन्न मात्र नाकारले. पुष्कळ उपदेशक येथे शाकाहाराचे गुण गातात. परंतु दहाव्या अध्यायात तोच दानीएल तीन आठवडे मांस व द्राक्षारस वर्ज्य करतो, म्हणजे एरवी तो ते घेत असला पाहिजे. तेव्हा प्रश्न पोटाचा नव्हता. ज्या ताटाने तो देवापुढे विटाळला असता ते ताट त्याने परत केले. तेही कसे? आरडाओरडा नाही, अरेरावी नाही. अधिकाऱ्याला नम्रपणे विनंती केली, त्याची अडचण समजून घेतली आणि दहा दिवसांची मुदत मागितली.

आपली मुले हीच गोष्ट शिकत नाहीत. काही घरांत मुलाला सगळेच नाकारायला शिकवतात: हा सिनेमा नको, तो मित्र नको, शेजारच्या घरचा प्रसाद तर बघूसुद्धा नको. असे मूल वसतिगृहात गेले की पहिल्या सहामाहीतच सगळे बांध फुटतात, कारण कोणती गोष्ट जिवापाड धरायची आणि कोणती सोसून घ्यायची, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. दुसऱ्या घरांत काहीच नाकारायला शिकवत नाहीत. दोन्ही घरांतली मुले बाबेलात टिकत नाहीत.

आता उत्तमतेविषयी. राजाने परीक्षा घेतली तेव्हा ही चार मुले राज्यातल्या सर्व ज्योतिष्यांपेक्षा दसपट सरस ठरली. सतराव्या ओवीत म्हटले आहे की देवाने त्यांना ज्ञान दिले. ते खरेच आहे. पण तीन वर्षे अभ्यासही त्यांनीच केला. वर्षभर वही न उघडता मार्च महिन्यात पाळकसाहेबांकडे प्रार्थनेसाठी येणाऱ्या मुलांना हे प्रेमाने सांगावे. पुढे सहाव्या अध्यायात शत्रूंनी दानीएलाच्या कारभारात दोष शोधला, तर एकही चूक किंवा लबाडी सापडली नाही. म्हणजे ख्रिस्ती मुलाची उत्तमता केवळ गुणपत्रिकेवर मोजायची नाही. नक्कल करून मिळालेले नव्वद आणि प्रामाणिकपणे मिळालेले पंचावन्न यांतले कोणते देवाच्या पुढे ठेवता येतात, हे मुलाला घरातच कळले पाहिजे. पंचावन्न घेऊन आलेल्या मुलाशी बाप त्या दिवशी जेवणाच्या वेळी काय बोलतो, त्यावरून ते कळते.

आणि शिक्षकांनो, आपल्याविषयीही एक शब्द. जो शिक्षक रविवारी सकाळी रिक्षात बसून धडा वाचतो, तो मुलांना एक धडा न सांगताच शिकवतो, तो असा की देवाच्या कामाला तयारी लागत नाही. गणिताच्या शिकवणीचे सर वेळेवर येतात, वही तपासतात, गैरहजर राहिल्यास घरी निरोप पाठवतात. मूल दोन्हीकडे पाहत असते.

याहून कठीण गोष्ट पुढची आहे. दहावीचे वर्ष आले की पुष्कळ ख्रिस्ती घरांत मुलाची उपासना बंद होते. रविवारी जादा वर्ग असतो, सराव परीक्षा असते. आईबाप म्हणतात, एका वर्षाचा प्रश्न आहे, देव समजून घेईल. देव समजून घेईलही. पण मूल काय समजते? महत्त्वाचे काम निघाले की देवाला थांबायला सांगता येते, हे ते समजते. आणि तेही ज्यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातांवर धरून वचन दिले, त्यांच्याकडूनच. मग बारावी येते, मग नोकरी, मग लग्न, आणि महत्त्वाचे काम कधी संपतच नाही. दानीएलाने बरोबर उलट केले. राजदरबारात नेमणूक व्हायची होती, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याने देवाला पुढे ठेवले.

आपल्या मंडळ्यांपुढे भाषेचाही प्रश्न आहे. बेळगावात मूल कानडी शिकते, इंदूर-ग्वाल्हेरात हिंदी, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू, आणि सगळीकडे इंग्रजी. आजीचे मराठी पवित्र शास्त्र कपाटात राहते. नातवाला ते वाचता येत नाही आणि आजीला त्याचे इंग्रजी कळत नाही. काही वडीलधारे यावरून रागावतात. पण दानीएलाचा ग्रंथ उघडून पाहा. त्याचा आरंभ इब्री भाषेत आहे, दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओवीपासून सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत तो अरामी भाषेत आहे, आणि मग पुन्हा इब्री. परकी भाषा शिकला म्हणून तो घरची प्रार्थना विसरला नाही. माझे मत असे की मुलाला जी भाषा मनापासून समजते तिच्यात त्याला वचन आधी द्यावे, आणि बाराखडी घरी वेगळी शिकवावी, म्हणजे आजीजवळ बसून त्याला तिच्याबरोबर गीत गाता येईल. दोन्ही जमत नसेल तर वचन आधी. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून शास्त्राचे मराठी भाषांतर केले, तेही खेड्यातल्या साध्या बायकांना कळावे म्हणून सोप्या भाषेत. ते काम त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, १९२२ मध्ये, पुरे झाले.

रमाबाईंचे नाव निघालेच आहे तर त्यांच्या आईविषयी सांगितले पाहिजे. लक्ष्मीबाई ख्रिस्ती नव्हत्या. पुराणिकाच्या घरातली ती बाई. त्यांनी आपल्या मुलीला सुमारे आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत स्वतः संस्कृत शिकवले. दिवसा घरकामातून सवड नसे, म्हणून उजाडण्यापूर्वी, झोपेतल्या मुलीला मायेने उठवून त्या पाठ देत. १८७४ च्या दुष्काळात आईबाप दोघेही गेले. मुलगी तेव्हा सोळा वर्षांची. पहाटेची ती शिस्त मात्र तिच्याबरोबर राहिली, आणि पुढे ती कोणाच्या सेवेला लागली हे आपण जाणतो. सुझान्ना वेस्ली यांचे उदाहरणही आपण पुष्कळदा ऐकतो. इतक्या मुलांच्या त्या घरात त्यांनी प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवली होती. जॉनची गुरुवार होती. दोन मुलांच्या आईबापांनी वेळ नाही म्हणताना जरा विचार करावा.

आता सिंहांच्या गुहेकडे वळू. शब्बाथशाळेच्या चित्रात तेथे एक तरणाबांड दानीएल काढलेला असतो. ते चित्र मुलांना दुरुस्त करून सांगावे. तो पहिल्यांदा बाबेलात आला त्याला तोपर्यंत साठाहून अधिक वर्षे झाली होती. पहिल्या अध्यायाच्या शेवटी म्हटले आहे की तो कोरेश राजाच्या पहिल्या वर्षापर्यंत राहिला. म्हणजे गुहेत टाकलेला माणूस ऐंशीच्या घरातला म्हातारा होता. राजे बदलले, एक साम्राज्य बुडून दुसरे आले, इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेमचे मंदिर जळाले. आणि प्रार्थना बंदीचा हुकूम निघाला त्या दिवशी त्याने काय केले? खिडकी यरुशलेमेच्या दिशेला उघडी होती, दिवसातून तीनदा गुडघे टेकले, पूर्वी करत असे तसेच (६:१०). संकटासाठी त्याने नवी प्रार्थना काढली नाही. ज्याला आपण धीर म्हणतो तो त्या दिवशी गुहेच्या तोंडाशी उत्पन्न झाला नाही. गुडघ्यांना सवय होती.

म्हणून घरातली रात्रीची दहा मिनिटे ही लहान गोष्ट नव्हे. एक अध्याय, एक गीत, मुलाने स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना. पाहुणे आले तरी, बापाला उशीर झाला तरी, दूरदर्शनवर सामना रंगात आला असला तरी.

शेवटी ज्या आईबापांनी हे सगळे केले आणि तरी ज्यांचा मुलगा वा मुलगी आज मंडळीत दिसत नाही, त्यांच्यासाठी. अशी घरे आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत, आणि मातृदिनाच्या उपासनेला ती माणसे मान खाली घालून बसतात. त्यांच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार कोणालाही नाही. दानीएलाच्या आईबापांनाही आपल्या मुलाचे पुढे काय झाले हे कळले असेल असे वाटत नाही. एका सकाळी सैनिक त्याला घेऊन गेले. त्याने कोणते ताट परत केले, हे सांगायला यरुशलेमेत कोण येणार होते?

आणि तो पट, जो यहोयाकीमाने शेगडीत टाकला? यिर्मयाने तो बारूखाकडून पुन्हा लिहवून घेतला. नवव्या अध्यायाच्या दुसऱ्या ओवीत वृद्ध दानीएल काय करतो आहे ते पाहा. परदेशात, पिकल्या केसांनी, तो यिर्मयाचा ग्रंथ वाचीत बसला आहे.